यात परकं काय?

तार आली तेव्हा मी ओट्यावर बसून कळण्याच्या भाकरीचं पीठ चाळत होते. पोस्टमनने ती माझ्या हातात न देता आधी आमच्या ह्यांना हाक मारली, तेव्हाच मला कळलं. जळगावला माझे थोरले भाऊ, ज्यांना घरात आणि बाहेर सगळेच नाना म्हणत, ते पहाटे झोपेतच गेले होते. धुळ्याहून मिळेल ती मोटार पकडून आम्ही निघालो. पारोळ्यापासून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली होती, बाया वेचणीला लागल्या होत्या, आणि मी खिडकीतून ते सगळं नीट बघत होते. रडू येत नव्हतं. थोड्याच आठवड्यांपूर्वी मी नानांना भेटून आले होते आणि त्या भेटीत त्यांनी मला जे सांगितलं होतं, त्यानंतर हे होणार असं मनाने धरूनच ठेवलं होतं... एरंडोलच्या थांब्यावर कोणीतरी केळी घेऊन आत चढलं आणि ह्यांनी मला विचारलं, "खातेस का काही?" मी नाही म्हटलं.

नानांना जळगावात लोक ओळखत ते डॉक्टर म्हणून. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, मागे राहतं घर. पण त्यांना जवळून ओळखणाऱ्यांना त्यांचा दुसरा नादही ठाऊक होता, तो जुन्या पिस्तुलांचा. पहिलं पिस्तूल सातपुड्याच्या पायथ्याच्या एका म्हाताऱ्याने त्यांना दिलं होतं. त्याचा मोडलेला हात नानांनी बसवला होता. त्यानंतर खेड्यापाड्यांत रोगी बघायला गेले की कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या कणगीमागे पडलेली ठासणीची पिस्तुलं त्यांच्या नजरेस पडू लागली आणि लोकही ती आनंदाने देत. त्यांतलं एकही उडत नव्हतं आणि नानांना ती उडवायची हौसही नव्हती. कोणी कोणाला मारलं, कोणत्या लढाईत मारलं, या कहाण्या ते ऐकून घेत आणि सोडून देत. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असे, की या पिस्तुलाचा कोणता भाग जन्मापासूनचा आहे आणि कोणता मागाहून आलेला आहे.

मी माहेरपणाला गेले की एखादं पिस्तूल माझ्या मांडीवरच्या पदरावर ठेवत आणि विचारत, "शांता, यात परकं काय?" खोटं काय असं ते कधी विचारत नसत. एखाद्या गावच्या लोहाराने मोडलेल्या घोड्याच्या जागी दुसरा घोडा बसवून दिला असेल तर त्यात खोटं काही नाही, वापरणाऱ्याची गरज होती, असं त्यांचं म्हणणं. खोटं ते, जे नव्याने करून, चिंचेच्या पाण्यात न् मिठात गंजवून, जुनं म्हणून खपवलेलं. त्याची त्यांना खरोखर किळस होती. मला ते बोट धरून दाखवत. हा बघ लोखंडाचा गंज, नळीवर बारीक पुरळासारखा आहे आणि घोडा ज्यावर बसतो त्या कळीच्या पट्टीवर मात्र मोठमोठे खड्डे. दोघं एका घरात म्हातारी झालेली नाहीत. इथे पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये नख शिरतंय, म्हणजे लाकूड दुसऱ्या पट्टीसाठी कोरलेलं होतं. आधीच्या काळी गारगोटीची ठिणगी पडून दारू पेटायची. पुढे तांब्याच्या टोपीवर घोडा आपटून बार काढायची रीत आली, तेव्हा पुष्कळांनी आपली पिस्तुलं बदलून घेतली. तशा पिस्तुलात पट्टीवरची, काढून टाकलेल्या गारगोटीच्या भागांची बुजवलेली भोकं ते मला शोधायला लावत. आणि सगळ्यात शेवटी कळ उघडून आतली बाजू दाखवत. कारागिराने जुळणी करताना प्रत्येक भागावर छिन्नीने बारीक रेघा मारलेल्या असत, एकाच पिस्तुलाच्या सगळ्या भागांवर सारख्याच. "बाहेरून कोणी कितीही घासलं तरी आत सापडतं," ते म्हणत.

मला यातलं थोडंच कळे. कळत होतं ते सुमाला. सुमा नानांची एकुलती एक मुलगी. मॅट्रिक झाली आणि त्याच वर्षी तिला ताप धरला. खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हा नानांनी कोणा दुसऱ्या डॉक्टरला दाखवण्याआधीच मला सांगितलं, "क्षय आहे." तिला मागच्या हवेशीर खोलीत ठेवलं. स्वातंत्र्य आलं ते वर्ष. गल्लीत झेंडे लागले होते, पोरं मिरवणुकीत ओरडत होती, आणि सुमा उशीला टेकून ते ऐकत होती. या रोगावर परदेशात नवीन सुई निघाल्याचं नानांनी वाचलं होतं. मुंबईला ओळखीच्या डॉक्टरांकडे त्यांनी खेपा घातल्या. मिळेल, मिळेल म्हणत राहिले सगळे.

तोपर्यंत तिचा दिवस जायला हवा म्हणून दवाखाना आटोपला की नाना एकेक पिस्तूल तिच्या खाटेवर जुन्या धोतराच्या तुकड्यावर मांडत. बाहेरून आलेली माणसं दारातून डोकावत न् हळहळत निघून जात. ती दोघं मात्र आत वाद घालत असत.

"नाना, ह्याची मूठ परकी."

"कशावरून? खुणा जुळतायत."

"खुणा जुळतायत, पण झीज बघा ना. नळीखाली डाव्या अंगाला हात लागून लागून नक्षी पुसलीय. मुठीवर उजव्या अंगाला. एक डावखुरा असणार, एक उजवा."

नाना पिस्तूल उचलून उजेडाला नेत, उलटसुलट करून बघत आणि हसत. मग ते वहिनींना हाक मारून सांगत, "ऐकलंस का, पोरगी माझ्या पुढे गेली." वहिनी दारात उभ्या राहून म्हणत, "पुढे जाऊ दे, पण दूध पिऊन जाऊ दे." त्या खोलीत तेव्हा हसणं ऐकू यायचं, हे आज सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

त्याच दिवसांत एरंडोलकडच्या एका खेड्यातले आबा पोटाच्या दुखण्यासाठी दवाखान्यात येत. साठीचे, कापूस पिकवणारे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांनी एकदा धोतराच्या फडक्यात गुंडाळून घरातलं पिस्तूल आणलं. नानांनी ते आत नेलं आणि आबाही चपला काढून मागोमाग आले. सुमाने हातात घेतलं, कळीपाशी नख फिरवलं, आणि सांगितलं की हे सगळंच्या सगळं मूळचं आहे, एकही भाग परका नाही. नानांनी पण तपासलं. त्यांच्या साऱ्या साठ्यात असं दुसरं पिस्तूल नव्हतं. फक्त नळीखाली जो लाकडी गज असतो, दारू न् गोळी ठासून भरायचा, तो तेवढा हरवलेला होता. आबा तिच्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पोरी, हाई तुनापाशीच ऱ्हाऊ दे. मना घरमा कोन देखस हाई?"

तो गज सुमाने स्वतः केला. मोडक्या चौरंगाचा शिसवी पाय होता, त्यातून सुताराकडून एक काडी फाडून आणवली आणि अंथरुणात बसल्या बसल्या फुटक्या काचेच्या धारेने ती खरवडत राहिली. थोडं खरवडायची, दमायची, पडून राहायची, परत उठायची. लाकडाचा काळा भुगा गादीवर सांडे आणि वहिनी येऊन झाडून घेत. मी त्या वेळी तिथे होते. गज नळीखाली सरकवला तेव्हा कुठेही न अडकता आत गेला आणि बसला. नाना म्हणाले, "आता टोकाला एक बारीक खूण कर. मागाहून केलेल्या भागावर खूण असावी, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होत नाही."

सुमा म्हणाली, "तुम्ही असताना खूण कशाला?"

नानांनी आग्रह केला नाही... दसऱ्याच्या आधी ती गेली. सुई जळगावला पोचली ती नंतर. ती त्यांनी दवाखान्यातल्या दुसऱ्या एका रोग्याला दिली आणि तो जगला. पुढे तो वाटेत भेटला की नाना त्याची विचारपूस करत. त्यानंतर मात्र त्यांचा सबंध दिवस वाया जाई.

पुढच्या वर्षी सगळीकडेच अस्वस्थता होती. निजामाची हद्द जवळ, रोज नव्या अफवा. घरोघरची हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला. नानांनी समजावून पाहिलं की ही शोभेची आहेत, यातलं एकही चालत नाही, पण आलेली माणसं हुकमाची ताबेदार होती. नानांनी एकच विनंती केली, की प्रत्येक पिस्तूल वेगळं गुंडाळू द्या. तेवढं त्यांनी करू दिलं. वहिनींची जुनी पातळं फाडून नानांनी एकेक बांधलं आणि आबांचं पिस्तूल शेवटी बांधलं. गाडी गेल्यावर ते दवाखान्यात जाऊन बसले. ओळीने बसलेल्या रोग्यांना त्यांनी तपासलं, औषधं दिली. संध्याकाळी वहिनींना म्हणाले, "चौकशी झाली की परत देतील."

किती अर्ज केले, किती वेळा कोणाकोणाच्या दारात जाऊन उभे राहिले, ते मी सांगत बसत नाही. बदलून आलेला प्रत्येक नवा साहेब नम्रपणे सांगे की बघतो. वर्षं गेली. मी आले की विचारायची, आणि पुढे पुढे विचारायचंही सोडलं. नानांचे केस पांढरे झाले ते या काळात. आणि मग एका उन्हाळ्यात, कोणालाच आशा उरली नसताना, निरोप आला की आपला माल घेऊन जा. मी शिकवत होते त्या शाळेला सुट्टी असल्यामुळे मी जळगावातच होते, म्हणून नानांच्या सोबत गेले.

एका लांबट टेबलावर सगळी पिस्तुलं ओळीने मांडून ठेवलेली होती. लखलखत होती. तिथला कारकून भला माणूस होता आणि खूश होता. म्हणाला, "डॉक्टर, ठेवताना सुटी करून ठेवली होती, आणि पार गंजून गेली होती हो. आमच्या माणसानं सगळी घासूनपुसून, जोडून, लाकडाला रोगण लावून दिलीत. बघा."

नानांनी एक हातात घेतलं. नळी एकाची, कळ दुसऱ्याची, मूठ तिसऱ्याची, हे मलासुद्धा दिसत होतं. पॉलिश कागदाने लोखंड इतकं घासलं होतं की गंजाची ती पुरळं न् खड्डे काहीच उरलं नव्हतं. त्यांनी खिशातल्या चाकूने कळ उघडली. आतूनही घासलेली होती. छिन्नीच्या रेघा गेल्या होत्या. नानांनी कळ परत लावली, स्क्रू बसवला आणि त्या माणसाला म्हणाले, "आभारी आहे." टेबलाच्या कडेला गजांची एक मोळी सुतळीने बांधून ठेवली होती. सगळे एकाच काळपट रोगणाने रंगवलेले, टोकांपर्यंत. नानांची नजर तिच्यावर गेली न् त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली. स्वतः सोडून बघितली नाही.

त्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरही ते पिस्तुलं जुळवत बसले. मागच्या खोलीत, सुमाच्याच खाटेवर. ही नळी ह्या लाकडात बसते, पण कळीला जागा मोठी. ही कळ इथे बसते, पण घोडा टोपीवर सरळ पडत नाही. दोन-तीन जुळल्यासारखी वाटली. मग कळे की लाकूडच आतून खरवडून मोठं केलेलं आहे, त्यामुळे आता त्यात काहीही बसतं. पूर्वी ते अर्ध्या घटकेत सांगत, ते आता आठवडाभर बघून म्हणत, "असेल." त्यांनी आबांना बोलावून घेतलं. आबा थकले होते, काठी टेकत आले. खाटेवरची पिस्तुलं त्यांनी पाहिली आणि एक उचलून म्हणाले, "हाईच शे."

नाना म्हणाले, "आबा, नळी तुमच्या पिस्तुलाची आहे. बाकी काहीच नाही."

"मना डोयाले तं हाईच दिखस."

"आणि गज? सुमाने केलेला गज आठवतो तुम्हाला?"

आबांनी हातातलं पिस्तूल खाटेवर ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "डाक्टर, काडी ती काडीच शे. जीवले इतला तरास कसाले करतस?" नाना उठून दवाखान्यात गेले. आबा वहिनींनी दिलेला चहा पिऊन, नानांना न भेटताच गेले. दोघांची पुन्हा भेट झाली नाही.

गजांची मोळी मात्र कपाटावर तशीच होती. नानांनी ती कधी सोडली नाही. मी एकदा विचारलं, "नाना, गज नाही तपासलेत?" ते म्हणाले, "बघू." बघू हा शब्द त्यांच्या तोंडी मी आयुष्यात ऐकला नव्हता. वहिनी दर दिवाळीला कपाट पुसताना मोळी खाली घेत, पदराने पुसत आणि परत ठेवत. "त्यात सुमीचा आहे," त्या म्हणत. नाना मान हलवत. मला वाटतं, त्यांना सगळं समजत होतं. शिसव जड असतं. एकेक गज तळहातावर तोलला असता तरी पुरलं असतं. पण तपासलं नाही तोवर त्यातला एक तिचा होता.

आता ती शेवटची भेट. वहिनींना आता वाचता येत नाही, डोळे गेले आहेत. ज्यांनी कोणी हे वाचलं त्यांनी पुढचं त्यांच्या कानावर घालू नये, एवढी विनंती आहे. मी पोचले तेव्हा वहिनी देवळात गेल्या होत्या. नाना खाटेवर बसले होते. छातीचं दुखणं सुरू झालेलं होतं आणि ते त्यांनी स्वतःच ओळखून ठेवलं होतं. मला म्हणाले, "दार लोटून घे." मग म्हणाले, "शांता, गज बघितले."

मी कपाटावरच्या मोळीकडे पाहिलं.

"प्रत्येकाचं टोक काचेने खरवडलं. सगळे आतून पिवळे. साग आहे, बांबू आहे. काही तर अगदी नवे, संख्या भरायला केलेले. शिसव एकही नाही." मग ते म्हणाले, "तिचा त्यात नाहीच. कधीच नव्हता. कुठे चुलीत गेला असेल, कोणी फेकला असेल."

"वहिनींना सांगितलंत?"

"नाही. तू पण सांगू नकोस." त्यांनी मला उजवा हात दाखवला. बोटांच्या पेरांत काळं भरलेलं होतं. "बुटाचं पॉलिश लावलं टोकांना. वर थोडी धूळ चोळली. कळत नाही आता. जुनं दिसतं." आणि मग माझ्याकडे न बघता, "आयुष्यभर लोकांची ही लबाडी पकडत आलो. इतकं सोपं असतं हे करणं, माहीत नव्हतं मला..." वहिनी आल्या, प्रसादाचं खोबरं दिलं. नानांनी ते खाल्लं. नंतर ते माझ्या शाळेबद्दल विचारत राहिले.

मृत्यूच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा सगळी तयारी झालेली होती, माझ्यासाठीच थांबले होते. उचलायच्या वेळी वहिनी आतून ती मोळी घेऊन आल्या. सुमाचं एक पांढरं पातळ त्यांनी जपून ठेवलं होतं, त्यात गुंडाळलेली. पुढे उभ्या असलेल्या पुतण्याच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "ह्यांच्याबरोबर ठेव. सगळे ठेव. निवडत बसायला आता कोण आहे?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पातळावर एके ठिकाणी पॉलिशचा काळा डाग उमटला होता. पुरुषमंडळी गेल्यावर वहिनी भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीची एक वस्तू होती घरात. ती बापाजवळ गेली." मी त्यांचा हात धरून बसले.

दिवस झाल्यावरही मी थोडी राहिले. पिस्तुलं वहिनींनी एका मोडवाल्याला देऊन टाकली. त्याने ती न बघता पोत्यात भरली. नानांच्या इतक्या वर्षांच्या माहितीतलं कोणाला काहीच देता आलं नाही. शिकलेली एकच होती आणि ती आधी गेली. मला जे थोडं येतं ते आता कशावर लावून बघणार?

सकाळी दवाखान्याचं दार वहिनी उघडायला लावतात. बाहेरगावचे रोगी अजून येतात. काहींना बातमी नसते, काहींना असते आणि तरी येतात. डॉक्टर गेले असं सांगितलं की "माहीत शे" म्हणून बाकावर बसून राहतात, मोटारीची वेळ होईतो. मी निघाले त्या सकाळी एक बाई लहान मुलीला घेऊन आली होती. मुलीचे डोळे तापाने लाल झालेले. मी सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगत होते आणि आई ऐकत होती, तेवढ्यात मुलगी तिच्या हातातून सुटून आतल्या टेबलापाशी गेली. नेहमीच्या सवयीने ती खुर्चीसमोर सरळ उभी राहिली, मान वर केली आणि जीभ बाहेर काढून थांबली.

आईने तिला जरा वेळ तसंच उभं राहू दिलं. मग जवळ जाऊन म्हणाली, "मिटी ले व माय तोंड," आणि कडेवर घेऊन उन्हात निघून गेली.